१६ एप्रिल १९१८ : स्पाइक मिलिगन यांचा नगरला जन्म

बीबीसीवर १९५१ ते १९६० या काळात गाजलेल्या ‘द गून शो’ या विनोदी रेडिओ कार्यक्रमाचे मुख्य लेखक स्पाइक मिलिगन यांचा जन्म अहमदनगरचा. आयरिश वडील लिओ तोफखान्यात होते आणि म्युझिक हॉलच्या रंगमंचाचे वेडे. म्युझिक हॉल म्हणजे एकाच रात्री गाणी, नाच, जादू, कसरती आणि तमाशातल्या बतावणीसारखी चटकदार हजरजबाबीपणा. सूत्रधार हातोडी ठोकून पुढचा कलाकार पुकारणार, प्रेक्षक ध्रुवपद उचलून धरणार! ही हौस मुलात पुरेपूर उतरली. पुण्यात कॉन्व्हेंटच्या नाताळच्या नाटकात छोटा स्पाइक विदूषक झाला होता. पुढे मॉन्टी पायथन या विनोदी चमूच्या मंडळींनी मिलिगन यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. या अफाट विनोदकाराच्या बालपणाचा काही काळ पुण्यात गेला, याचा आपल्याला खरोखर अभिमान वाटावा.