कंबरेतलं इंजेक्शन: पपईपासून स्टेम सेलपर्यंत

आजचा एपिसोड जरा घरचाच आहे. मागच्या महिन्यात बाबांनी व्हॉट्सॲपवर एक पत्रक पाठवलं. 'एका इंजेक्शनमध्ये मणक्याची गादी पुन्हा तयार', आणि खाली दोन लाखांच्या वरचा आकडा. सहा वर्षं कंबर धरून बसलेल्या माणसाला असं काही दिसलं की तो एफडी मोडायला निघतो. मी म्हटलं, बाबा, चार दिवस द्या, वाचून सांगतो.

वाचायला लागलो आणि पोचलो थेट सशाच्या कानांपाशी.

१९५६ साली लुईस थॉमस या अमेरिकन डॉक्टरांनी एक गंमत छापली. पपईच्या चिकातलं पपेन सशांच्या शिरेत टोचलं, तर काही तासांत त्यांचे ताठ कान लुळे पडले! कानातल्या कूर्चेचा ताठपणा पपेननं घालवला होता. काही दिवसांनी कान परत उभे. आपल्याकडे मटण शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात ना, साधारण त्याच जातीचं काम.

गादी सरकून नस दाबली जाते, हे मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्येच मांडलं होतं. पण उपाय काय, तर ऑपरेशन. मग लायमन स्मिथ या हाडांच्या डॉक्टरांनी विचार केला, की पपईतलंच कायमोपपेन सुईनं गादीत सोडलं तर? १९६३ मध्ये त्यांनी ते माणसाला दिलं. अमेरिकेत अधिकृत परवानगी मिळायला १९८२ उजाडलं. बऱ्याच जणांचा पाय दुखायचा थांबलाही. पण काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली, थोड्यांना लकवा. २००३ मध्ये अमेरिकेत विक्री बंद झाली.

म्हणजे बघा, आधीची पिढी गादीचा गाभा विरघळवत होती आणि आताची तोच परत उगवायला निघाली आहे.

उगवणाऱ्या पेशींची गोष्ट मॉस्कोत सुरू होते. फ्रीडनस्टाइन यांना अस्थिमज्जेत हाड तयार करू शकणाऱ्या पेशी सापडल्या. १९९१ मध्ये अर्नोल्ड कॅपलान यांनी त्यांना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव दिलं, आणि ते नाव इतकं चाललं की त्यावर दुकानं उभी राहिली. त्याच कॅपलाननी २०१७ मध्ये लिहिलं, की हे नाव बदला. या पेशी शरीरात जाऊन नवा अवयव बनत नाहीत, मुख्यतः रसायनं सोडून आजूबाजूच्या पेशींना इशारे देतात. पत्रकावर हे कुठे असणार!

आणि गादी ही जागाही अवघड. मोठ्या माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिन्याच नसतात. ऑक्सिजन, साखर जे काय मिळतं ते वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपत येतं. झिजलेल्या गादीत तेही कमी. वीज नसलेल्या खोलीत नवे सर्व्हर नेऊन ठेवल्यासारखं आहे हे.

तरी प्रयत्न प्रामाणिक आहेत. मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीनं ४०४ रुग्णांवर मोठी चाचणी केली. काहींना पेशी, काहींना नुसतं सलाइन. २०२१ मध्ये निकाल आला: आधी ठरवलेला मुख्य निकष पेशींना गाठता आला नाही. दुखणं कमी झाल्याचे काही आकडे मात्र बरे होते, म्हणून कंपनीनं पुढची चाचणी हाती घेतली. माझ्या मते हे 'फेल' नाही, पण 'रिलीज'ही नाही. आणि दोन लाखांना विकायला तर नाहीच नाही.

आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच द्यायच्या. आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

मी बाबांना दोनच प्रश्न लिहून दिले: चाचणीचा सीटीआरआय नंबर काय? आणि चाचणी असेल तर पैसे कसले?

बाबांनी माझ्यासमोरच, स्पीकरवर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, आधी बुकिंग करून घ्या, डॉक्टर सगळं समजावतील."

बाबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "तो फिजिओवाला सकाळी किती वाजता येतो रे?"