कामरेजहून लालबागेत

कामरेजच्या चार रस्त्यावर तुम्ही उभे आहात. मुंबईकडं जाणारे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, डोक्यावर नव्या फ्लॅटच्या जाहिराती. डोळे मिटा. उघडाल तेव्हा साल 1908 असेल.

हमरस्ता नाही. ताडाची झाडं, गाडीवाटेची धूळ, पलीकडं तापी. हा गायकवाडी मुलूख, बडोदे राज्याच्या नवसारी प्रांतातला. वहिवाटदाराच्या कचेरीत अजून मराठी कानावर पडतं. तुम्ही वीस वर्षांचे पारशी तरुण आहात. अबकारीच्या नियमांनी बावाचा ताडीचा धंदा आवळत आणला आहे. बपईजी, म्हणजे आजी, अजून बाबाशाही रुपयांत हिशेब करते. ते नाणं बंद होऊन सात वर्षं झाली. माय ताडीत आंबवलेले भाखरे फडक्यात बांधून देते, आणि बैलगाडी सुरतेकडं निघते.

आगगाडीत तुम्ही खिडकीशी बसता. नवसारी जातं, वलसाड जातं. उदवाडा आलं की डब्यातले सगळे पारशी गप्प होतात, इराणशाहच्या पवित्र अग्नीच्या दिशेनं हात जोडतात. तुम्हीही जोडता. 1736 साली लवजी नसरवानजी वाडिया सुरत सोडून मुंबईला गेले ते जहाजं बांधायला. तुमच्या हाताला असली कुठलीच विद्या नाही, फक्त मुंबईतला एक पत्ता आहे.

त्या पत्त्यावर एका खोलीत दोन बिऱ्हाडं. तुम्हाला व्हरांडा मिळतो. 1896 साली आलेला प्लेग गेलेला नाही; मेलेला उंदीर दिसला की माणसं भांडीकुंडी उचलून बाहेर पळतात. रात्री पावसाचं पाणी सतरंजीखाली शिरतं, तेव्हा कामरेजच्या घराची शेणानं सारवलेली ओसरी आठवते.

मग कुणीतरी सांगतं, लालबागेत जा. जेरबाई वाडिया गरीब पारशांसाठी घरं बांधताहेत.

ही बाई लवजींच्याच घराण्यातली सून. नवरा नवरोजी, 1879 साली बॉम्बे डाइंग काढणारे. 1899 साली ते गेले आणि संपत्ती मागं राहिली. एवढा पैसा हाती असलेल्या विधवेकडं मदत मागणाऱ्यांची रीघ लागलीच असणार, आणि मूठमूठ वाटून पुण्यही पदरी पडलं असतं. बाईंनी जमीन घेतली, विटा-चुना लावला, माणसांना भाडेकरू केलं. मला यातलं मोठेपण भाड्यात दिसतं. परवडेल इतकं भाडं देणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

तुम्हालाही तिथं घर मिळतं. भाड्याची पहिली पावती तुम्ही उजेडाला धरता. त्या वर्षी कामरेजला धाडलेल्या पत्रात स्वतःचा पत्ता लिहिताना तुमचा हात थरथरतो.

पहाटे गिरणीचा भोंगा होतो. भिंतीपलीकडं रत्नागिरीची, साताऱ्याची माणसं, दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारी. सूत तेच काततात, कापड तेच विणतात. वाडियांच्या गिरण्या त्यांच्याच जिवावर चालतात. पण ही घरं फक्त पारशांची. तुम्हाला ते टोचतं. टोचायलाच हवं.

वर्षं सरतात. भायखळ्याला ‘बागा’, म्हणजे पारशांच्या वसाहती, उठतात. तिथल्या जेर बागेला बाईंचंच नाव. तुमचं लग्न होतं, माय येऊन राहते, खिडकीत तुळस लावते. बाई तुम्हाला एकदाही दिसत नाहीत. 1926 साली त्या जातात. त्याच वर्षी परळला नवरोजींच्या नावानं बाळंतपणाचं इस्पितळ उघडतं, मुलगा नेस यांनी काढलेलं. गिरणीकामगारांच्या बायकांनाही तिथं खाट मिळते.

1930 सालच्या पावसाळ्यातली रात्र. दारावर थाप. पलीकडच्या चाळीतला साचेवाला, खांद्यावर तापानं फणफणलेलं पोर. तुम्ही छत्री घेऊन त्याच्याबरोबर परळपर्यंत भिजत जाता. मुलांचं नवं इस्पितळ उघडून वर्षही झालेलं नाही. दारावरची पाटी त्याला वाचता येत नाही, म्हणून तुम्ही वाचून दाखवता: बाई जेरबाई वाडिया.

“तुमच्या चाळीच्या मालकीणबाई त्या ह्याच का?”

तुम्ही हो म्हणता. तो पायातल्या चपला पायरीखाली काढून ठेवतो आणि पोराला घेऊन आत जातो.