बल्क एसएमएस सेवेशी एआय एजंटची जोडणी : सोलापूर

दिलेल्या कामाच्या पायऱ्या स्वतः ठरवून ते पार पाडणाऱ्या संगणकप्रणालीच्या, म्हणजे एआय एजंटच्या, हाती एकाच वेळी हजारो मोबाइलवर लघुसंदेश पाठवण्याची सोय देणे, असे या जोडणीचे स्वरूप आहे. तांत्रिक बाजू फारशी अवघड नाही. संदेशसेवा पुरवणारी कंपनी एक एपीआय, म्हणजे दोन संगणकप्रणाली जोडणारा दुवा, आणि एक गुप्त किल्ली देते. त्या एपीआयचे वर्णन एजंटला ‘साधन’ म्हणून दिले, की क्रमांकांची यादी आणि मजकूर जुळवून तो संदेश रवाना करू शकतो आणि कोणाला पोहोचला, कोणाला नाही, याचा अहवालही वाचू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केल्यापासून अशी साधने जोडण्याची एक सामाईक रीतही रूढ होत आहे. खरा प्रश्न अधिकाराचा आहे. एजंटने मजकूर स्वतः लिहावा आणि स्वतःच पाठवावा का? प्रस्तुत नोंदीची भूमिका अशी, की घाऊक संदेशात एजंटला वाक्यरचनेचे स्वातंत्र्य देऊ नये. आधी मंजूर झालेल्या साच्यातील रिकाम्या जागा तपासलेल्या माहितीने भरणे एवढेच त्याचे काम असावे. भारतात हा साचा कायद्यानेच आलेला आहे. त्याला अडथळा मानण्याऐवजी जोडणीचा पाया मानावे, हे सोलापूर जिल्ह्याच्या उदाहरणांवरून दिसते.

सोलापूरची श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समिती ही राज्यातील कांद्याच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. ऐन हंगामात एका दिवसात हजाराहून अधिक गाड्या आवारात येतात आणि आवक आवरेना झाली की लिलाव एखादा दिवस बंद ठेवावे लागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने याच बाजारात ५१२ किलो कांदा आणला. किलोला एक रुपया भाव मिळाला आणि वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता हातात पडला तो दोन रुपयांचा धनादेश. गाडी भरण्याआधीच भाव कळला असता तर, हा विचार कोणाच्याही मनात येईल, आणि बाजारभावाचे संदेश पाठवणाऱ्या सेवा याच विचारातून निघाल्या. रॉयटर्सने २००७ मध्ये महाराष्ट्रात सुरू केलेली ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही त्यांतली ठळक. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील शंभर गावांत तिची पाहणी केली. कांदाही तीत होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता : संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्यांना इतरांपेक्षा लक्षणीय चढा भाव मिळाला नव्हता. उलट बाजूचा पुरावाही आहे. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार मोबाइलवरून मिळणाऱ्या शेतीसल्ल्याने उत्पादन सरासरी सुमारे ४ टक्के वाढते. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर कल असा दिसतो, की कधी पेरावे, काय फवारावे हे सांगणारा संदेश उपयोगी पडतो आणि भावाचा आकडा एकटा फारसे काही करत नाही. कारण तो आकडा हजारो जणांना एकाच वेळी कळतो. ‘आज सोलापुरात भाव चढा’ हा संदेश अक्षरशः खरा असला तरी दुसऱ्या दिवशी त्याच्यामुळेच गाड्यांची रांग लागून भाव कोसळू शकतो. एकाला दिलेले उत्तर ही माहिती असते. दहा हजारांना दिलेले तेच उत्तर बाजारातली एक कृती ठरते, आणि एजंटला ही कृती सोपवताना नेमका हाच फरक नजरेतून सुटतो.

समूहाला हलवणाऱ्या मजकुराची जबर किंमत याच जिल्ह्यातील माणसांनी मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. त्यांतले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले होते; सारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे. त्या आधीचे काही आठवडे मुले पळवणाऱ्यांच्या अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. त्या आधी, ऑगस्ट २०१२ मध्ये, ईशान्य भारतातील लोक अफवांमुळे बंगळूर, पुणे सोडून निघाले तेव्हा केंद्र सरकारने घाऊक एसएमएसवर पंधरा दिवस बंदीच घातली होती. या अफवा माणसांनी पसरवल्या, यंत्राने नव्हे, हे खरे. पण दोन्ही वेळचा उपाय पाहावा : मजकूर खरा की खोटा याचा निवाडा वेळेत होणे शक्य नव्हते, म्हणून प्रसाराच्या वाटेवरच मर्यादा घालावी लागली. भाषा सफाईदार वापरणारा एजंट अशा वाटेवर बसवायचा, तर मर्यादाही त्या वाटेतच हवी. ‘काळजी घे’ अशी सूचना देऊन भागत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जुलै २०१८ मध्ये व्यावसायिक संदेशांविषयीचे नवे विनियम काढले आणि ही मर्यादा लेखी स्वरूपात आली. संदेश पाठवणाऱ्या संस्थेने दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी (वितरित खातेवही) नोंदवहीत स्वतःची, आपल्या हेडरची, म्हणजे संदेशावर दिसणाऱ्या संक्षिप्त नावाची, आणि प्रत्येक मजकुराच्या साच्याची नोंद करायची. साच्यात पक्की वाक्ये आणि मोजक्या रिकाम्या जागा असतात. पाठवलेला मजकूर साच्याशी जुळला नाही तर तो वाटेतच अडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर यादीबाहेरचे दुवेही अडवले जातात. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर हेडरच्या शेवटी संदेशाचा प्रकार सांगणारे अक्षर येते : जाहिरात, सेवा, व्यवहार की सरकारी. एजंटच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. त्याने मनाने एखादे वाक्य रचले तरी ते लोकांच्या फोनपर्यंत पोहोचत नाही, आणि हे अडवण्याचे काम त्याच्या स्वतःच्या विवेकावर अवलंबून नसते.

तरीही साचा वाक्याची हमी देतो, सत्याची देत नाही. भावाच्या रिकाम्या जागेत किलोच्या ठिकाणी क्विंटलचा आकडा बसला, तर मंजूर साचाच शंभरपट चूक घेऊन निघेल. ते टाळण्यासाठी जोडणीची रचना काळजीपूर्वक करावी लागते. रिकाम्या जागेतील आकडा एजंटच्या स्मरणातून येऊ नये. बाजार समितीच्या किंवा पाणीपुरवठा विभागाच्या नोंदीतून तो थेट उचलावा. कालच्या आकड्याशी ताडून पाहणारी साधी, एजंटबाहेरची तपासणी असावी. पाठवण्याची किल्ली एजंटला दिसू नये, ती मधल्या सेवेकडे असावी. एकाच मागणीला एकच ओळखक्रमांक असावा, म्हणजे जाळे मंद असताना एजंटने पुन्हा प्रयत्न केला तरी लोकांना तोच संदेश तीनदा जाणार नाही. ठरावीक संख्येपुढची प्रत्येक खेप जबाबदार कर्मचाऱ्याच्या मंजुरीनेच सुटावी. एजंट बाहेरचा मजकूर, शेतकऱ्यांची उत्तरे किंवा एखादे संकेतस्थळ वाचत असेल, तर त्या मजकुरात दडवलेली आज्ञा तो मालकाची आज्ञा समजून पाळण्याचा धोका असतो. म्हणून वाचणारा आणि पाठवणारा भाग वेगळे ठेवणे मला अपरिहार्य वाटते.

पहिला आक्षेप असा, की एवढे बांधून ठेवल्यावर एजंटचा उपयोग काय राहिला? एक साधी संगणक-आज्ञावलीही रिकाम्या जागा भरू शकते. पण खरे बुद्धीचे काम संदेश सुटण्याआधी असते. सोलापूर शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि जलवाहिनी फुटली वा वीज गेली की पाळी पुढे सरकते. अभियंत्याचे तुटक टिपण वाचून कोणत्या पेठेची पाळी हलली हे ओळखणे, त्या भागाचेच क्रमांक निवडणे, योग्य साचा सुचवणे, शंका असेल तर माणसाला विचारणे, हे साध्या आज्ञावलीला जमत नाही. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने एम-किसान या पोर्टलमार्फत १३ राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचे अंदाज एसएमएसने पाठवले. अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांनी काढले होते, पाठवण्याचा निर्णय मात्र मंत्रालयाचा होता. श्रमविभागणी अशीच असावी.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो वजनदार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतील गावे वेढली. अशा वेळी मंजुरीची वाट पाहणे परवडत नाही. डीएलटीचे दारही अडकू शकते : ८ मार्च २०२१ रोजी साच्यांची काटेकोर तपासणी सुरू होताच बँकांचे ओटीपीसुद्धा अडले आणि ट्रायला आठवडाभर ती थांबवावी लागली. पण यातून निघणारा निष्कर्ष पूर्वतयारीचा आहे. विसर्गाचा आकडा, नदीचे नाव, गावांची नावे आणि कोणत्या पातळीला कोणता इशारा हे पावसाळ्याआधी ठरवून साचे मंजूर करून ठेवले, तर प्रसंगी मंजुरी ही एका अधिकाऱ्याच्या होकाराएवढी उरते. शिवाय जिवावरच्या इशाऱ्यासाठी सेल ब्रॉडकास्ट हा वेगळा मार्ग आहे. टॉवरच्या टप्प्यातील फोनवर इशारा झळकतो, क्रमांकांची यादी लागत नाही. पुराच्या इशाऱ्याचा भार एकट्या एसएमएसवर टाकूच नये.

तिसरा आक्षेप व्हॉट्सॲपचा : लोक तिथेच असताना एसएमएस कशाला? साध्या फोनवर, इंटरनेटच्या पॅकशिवाय पोहोचणारा संदेश अजूनही एसएमएसच आहे. आणि व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेतही, ग्राहकाच्या शेवटच्या संदेशाला चोवीस तास उलटले की मंजूर साचाच वापरावा लागतो. त्यामुळे वाट बदलून साचा टळत नाही.

सोलापुरात भाषेचा पेच अधिक खोल आहे. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात, देवनागरीत ७०, आणि लांब संदेश तुकड्यांत गेला की तुकड्याला ६७. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जात असल्याने ‘क्विंटल’ या एका शब्दाला सात चिन्हे लागतात. मराठी संदेश त्यामुळे महाग पडतो, आणि शहरात कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरेही मोठ्या संख्येने आहेत. एजंट भाषांतर क्षणात करतो, म्हणून ते पाठवतानाच करून घ्यावे असा मोह होतो. तो टाळावा. चारही भाषांतले साचे त्या त्या भाषेच्या माणसाने वाचून आधीच नोंदवावेत आणि एजंटने व्यक्तीने निवडलेली भाषा फक्त लावावी. वाचता न येणाऱ्यांसाठी त्याच साच्याचा ध्वनिमुद्रित कॉल जोडता येतो.

नोंदणीच्या वेळी आणखी एक साचा हवा : दुरुस्तीचा. आधीचा संदेश कोणत्या तारखेचा, त्यातला चुकलेला आकडा कोणता आणि बरोबर कोणता, एवढ्याच जागा त्यात असाव्यात. पहिली खेप ज्या क्रमांकांवर गेली, नेमकी तीच यादी पोच अहवालातून काढून दुरुस्ती तिच्यावर पाठवणे हे काम मात्र एजंटला खेपेच्या वेगळ्या मंजुरीशिवाय सोपवायला हरकत नाही, कारण गाडी भरून निघण्याच्या बेतात असलेल्या शेतकऱ्याला खरा आकडा पहाटेच्या आत कळायला हवा.