ओवीपासून मोबाइलपर्यंत

रविवारच्या सकाळीं कोथरूडच्या एखाद्या बिऱ्हाडांत नोकरीनिमित्त राहणारा ख्रिस्ती तरुण हातांतील मोबाइल उघडतो. पुण्यांतील जुनीं चर्चें त्याला लांब पडतात. नाना पेठेंतील सिटी चर्च सन १७९२ चें, पेशवाईंत मिळालेल्या जागेवर उभें राहिलेलें; सेंट मेरीज हें लष्करांतील चर्च सन १८२५ चें. कोथरूडहून तेथें जावयाचें म्हणजे मुठा ओलांडून साऱ्या पेठा मागें टाकाव्या लागतात. परंतु प्रवचन मात्र यूट्यूबवरून त्याच्या तळहातावर येतें आणि व्हॉट्सअ‍ॅपवर शास्त्रवचन येऊन पडतें. घरांतील वडील मंडळींस हें नवें खूळ वाटतें. इतिहास पाहतां मात्र तें मुळींच नवें नाहीं, असें श्रोत्यांच्या ध्यानांत येईल.

चारशें वर्षांमागची गोष्ट आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट सन १५७९ मध्यें गोव्यास आले. त्यांच्या 'क्रिस्तपुराणा'च्या प्रारंभीं एक प्रसंग वर्णिलेला आहे. साष्टी प्रांतांतील एका चर्चमध्यें रविवारीं मुलांस धर्मशिक्षण देणें चाललें असतां एक नवदीक्षित गृहस्थ गुरूंस विचारता झाला कीं, आमचीं जुनीं पुराणें तर सुटलीं; आतां मन रमवावयास त्यांच्या जागीं तुम्हीं आम्हांस काय दिलें ? प्रश्न मोठा मार्मिक होता. नियम व प्रश्नोत्तरें पाठ करून मनुष्याचें मन भरत नाहीं. त्यास कथा हवी, गाणें हवें, आणि तेंहि आपल्या भाषेंत हवें. स्टीफन्स यांनीं उत्तर दिलें तें सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांनीं. सन १६१६ मध्यें तें पुराण राचोल येथें छापलें गेलें. नागरी खिळे नसल्यामुळें तें रोमन लिपींत छापावें लागलें. पण वाणी मराठीच राहिली. चर्चमधून त्याचें वाचन होऊं लागलें, आणि सन १६५४ पर्यंत त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या.

पुढें याच गोव्यांत उलट वारा वाहिला. सन १६८४ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, लोकांनीं देशी भाषा टाकून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलावें. ज्या वाणीनें धर्म घरांत शिरला तीच वाणी घराबाहेर काढण्याचा हा उद्योग होता. पुराणाच्या त्या छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. तथापि भाविकांनीं हातानें नकला करून तें जपलें, आणि सन १९०७ मध्यें तें मंगळूर येथें पुन्हां छापलें गेलें. आज्ञेनें जें मरत नाहीं तें आवडीनें जगतें, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

एकोणिसाव्या शतकांत अहमदनगर येथें याच धड्याची पुनरावृत्ति झाली. अमेरिकन मराठी मिशननें सन १८४२ मध्यें 'ज्ञानोदय' पत्र काढलें, आणि पुढें खास मुलांकरितां 'बालबोधमेवा' हें मासिक चालविलें. छापलेला कागद हेंच त्या काळचें नवें साधन होतें. तथापि खेड्यांतील श्रोत्यांस विलायती चालींवरचीं गीतें परकीं वाटत. कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्तचरित्र कीर्तनाच्या रूपानें सांगण्यास आरंभ केला, तेव्हां लोक ऐकावयास बसूं लागले. सन १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं तर अभंग व पदें रचून उपासनेचा सूरच पालटून टाकला. त्यांचीं पदें मराठी चर्चमधून आजहि गाइलीं जातात.

विसाव्या शतकांत साधनें झपाट्यानें बदललीं. सन १९३१ मध्यें मार्कोनीनें उभारलेलें व्हॅटिकनचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. सन २००९ मध्यें व्हॅटिकन यूट्यूबवर आलें. सन २०१२ च्या डिसेंबरांत पोपनीं ट्विटरवर पहिला संदेश धाडला. इटलींतील कार्लो अकुटिस हा मुलगा संगणकावर धार्मिक माहितीचें संकेतस्थळ रचीत असे. तो पंधराव्या वर्षीं, सन २००६ मध्यें, वारला, आणि सन २०२५ च्या सप्टेंबरांत त्यास संतपद देण्यांत आलें. म्हणजे तरुण हा केवळ ऐकणारा राहिला नाहीं. तो सांगणाराहि झाला.

खरी कसोटी लागली ती सन २०२० मध्यें. मार्चांत टाळेबंदी झाली, आणि त्या वर्षींचा ईस्टर बंद दारांआड गेला. महाराष्ट्रांतील प्रार्थनास्थळें १६ नोव्हेंबरपर्यंत उघडलीं नाहींत. या काळांत मोबाइल हाच धर्ममंडळींचा आधार झाला. ज्या वडील मंडळींनीं त्यास खूळ म्हटलें होतें, त्यांस तो लावून देण्याचें काम घरोघर नातवंडांनीं केलें. परंतु त्या महिन्यांनीं त्याची मर्यादाहि दाखवून दिली. प्रवचन पडद्यावर ऐकतां आलें. प्रभुभोजनाची भाकर मात्र पडद्यांतून हातीं आली नाहीं. दुःखिताच्या खांद्यावर हातहि ठेवतां आला नाहीं.

स्टीफन्सपुढें उभा राहिलेला प्रश्न म्हणूनच आजहि उभा आहे : तुम्हीं आम्हांस काय दिलें ? ओवी, छापखाना, कीर्तन, नभोवाणी, मोबाइल हीं सारीं दारें होत. दार उघडें असलें म्हणजे तरुण आंत डोकावतो. पण आंत आपली भाषा बोलणारें, आपलें नांव ठाऊक असलेलें माणूस भेटलें, तरच तो बसतो. कोथरूडच्या त्या तरुणास मोबाइलवर प्रवचन धाडणें सोपें आहे. पुढच्या रविवारीं मुठा ओलांडून तो नाना पेठेंत येईल, तेव्हां त्याच्याजवळ बसावयास कोणी आहे काय, यावरच त्या प्रवचनाचें सार्थक ठरणार आहे.