ख्रिस्तपुराणाचे श्रोते

फादर स्टीफन्सच्या मराठीचे कौतुक आपल्या वाङ्मयेतिहासांनी पुष्कळ केले. परंतु दोन संस्कृतींचा भार खऱ्या अर्थाने वाहिला तो त्याच्या श्रोत्यांनी. स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट स्वेच्छेने गोव्यात आला होता. साष्टीतील देवळे मात्र १५६७ मध्ये पाडली गेली, पोथ्याही गेल्या; तेथील नवख्रिस्तींजवळ ओवी ऐकण्याची ओढ तेवढी उरली. १६१६ मध्ये रायतूरला छापलेले 'ख्रिस्तपुराण' हे त्या ओढीला दिलेले उत्तर होय. त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आहे, ही निव्वळ प्रचारकाची युक्ती मानणे मला उथळ वाटते. श्रोत्यांची परलोकाची कल्पनाच त्या शब्दात वसत होती. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवरच बंदी घातली. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत हे पुराण हस्तलिखितांतून टिकले, म्हणूनच १९०७ ची आवृत्ती मंगळूरला निघू शकली.