घाण्याची मागली खोली

आमचा एक भाचा अकरा वर्षे ओमान देशातील सूर या गावी नोकरीस होता. सूरजवळ ओमान आणि भारत यांच्या भागीदारीतील खताचा मोठा कारखाना आहे. आपल्याकडील इफ्को आणि कृभको या सहकारी संस्थांचा त्यात हिस्सा आहे. २००५ सालापासून तेथला युरिया भारतात येऊ लागला आणि इकडचे फिटर, यंत्रज्ञ, इलेक्ट्रिशियन तिकडे जाऊ लागले. त्यांपैकीच हा एक. नोकरी संपवून तो परत आला आणि आठ दिवसांतच आमच्याकडे एक मागणी घेऊन बसला.

अलिबागकडे आमचे वडिलोपार्जित तेलाचे दुकान आहे. तेल विकणे बंद होऊन दोन पिढ्या झाल्या, पण गावात त्यास अजून ‘तेल्याचे दुकान’ असेच म्हणतात. भाचा म्हणाला, “मामा, दुकानाचा मागला भाग मला द्या. तेथे मी लाकूडकामाचा माझा कारखाना घालतो. मोठा धंदा करायचा नाही. हाताला काम पाहिजे.”

घरात यावर बरीच चर्चा झाली. जागा रस्त्यावरची, मुंबईच्या लोकांनी तिकडच्या जमिनींचे भाव आकाशाला भिडवलेले, आणि वाटेकरी चार. बहुतेकांचे मत पडले की सगळेच विकून मोकळे व्हावे. खरे सांगावयाचे तर आमचेही मत तेच होते. ते बदलले ते भाच्याने सांगितलेल्या सूरच्या हकिगतीने, आणि मग त्या गावाविषयी आम्ही जे वाचले त्याने. म्हणून प्रथम सूरविषयी.

मस्कतहून किनाऱ्याच्या रस्त्याने आग्नेयेस सुमारे २०० किलोमीटर गेले की सूर लागते. त्याच्या थोडे पुढे रास अल् हद्द हे टोक आहे. अरबस्तानच्या भूमीचे पूर्वेकडील टोक याच भागात आहे. सूरला समुद्र एका अरुंद तोंडातून आत शिरतो आणि त्याची खाडी होते. अलीकडे सूर, पलीकडे अल् ऐजा. रेवदंड्याहून समोर कोर्लई पाहावी तसा देखावा, असे भाचा सांगतो. मात्र नारळी-पोफळींच्या जागी तेथे उघडे डोंगर आहेत.

सूर हे नाव ऐकताच आमच्या वाचकांस दुसरे एक नगर आठवेल. लेबानोनच्या किनाऱ्यावरील ज्या नगरास मराठी शास्त्रात सोर आणि हिब्रूत त्सोर म्हटले आहे, त्याचेही अरबी नाव सूरच आहे. फिनीशियन लोक मूळचे दक्षिणेकडील समुद्रावरून आले, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले आहे. त्याचा आधार घेऊन ओमानच्या सूरवरूनच सोरेचे नाव पडले, असे काही जण मानतात. नावे सारखी म्हणून नाते सिद्ध होत नाही. पण एक साम्य खरे आहे. दोन्ही गावांची कीर्ती व्यापारी आणि सुतार यांनी मिळून केली. हिराम राजाने दावीद राजाकडे गंधसरूची लाकडे पाठविली, तेव्हा त्यांच्याबरोबर सुतार आणि गवंडीही पाठविले. नुसते लाकूड पाठवून घर उभे राहत नाही, हे त्या व्यापारी राजास ठाऊक होते.

ओमानच्या सूरची सारी मदार समुद्रावर. हिवाळ्यात ईशान्येचे वारे सुटले की तेथील गलबते खजूर आणि सुकी मासळी घेऊन झांजिबारकडे निघत. वारा फिरला की तिकडून खारफुटीच्या बल्ल्या घेऊन परतत. मलबारातून ती सागवान, तांदूळ आणि काथ्या आणीत. ऐन पावसाळ्यात दर्या बंद, हा नियम आपल्या कोकणासारखाच. या व्यापारात माणसांचाही व्यापार होता, आणि सूर त्यासाठी बदनाम होते. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीयर यांनी मस्कतला जाऊन सुलतान तुर्की यांच्याशी गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा करार केला. इंग्रजांच्या आरमाराने झडती घेऊ नये म्हणून सूरचे कित्येक गलबतवाले फ्रेंच निशाण लावीत. त्यावरून इंग्लंड आणि फ्रान्स यांचा तंटा इतका वाढला की तो हेग येथील आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला, आणि ऑगस्ट १९०५ मध्ये त्याचा निवाडा झाला. एका वाळूच्या खाडीवरील गलबतांसाठी दोन साम्राज्ये लवादापुढे उभी राहिली, यावरून त्या गावाचा दबदबा ध्यानात यावा.

ही गलबते सूरलाच बांधली जात. ओमानचा मुंबईशीही या बाबतीत जुना संबंध आहे. सुलतान सय्यद सईद यांचे ‘सुलताना’ हे जहाज १८३३ साली माझगावच्या गोदीत बांधले गेले, आणि १८४० साली ते थेट न्यूयॉर्कला जाऊन पोचले. पण सूरची रीत निराळी होती. तेथे कागदावर नकाशा नसे. उस्ताद वाळूवर गलबताचा कणा मांडी आणि नजरेच्या मापाने फळ्या चढवीत जाई. आधी बाहेरची फळी आणि मग आतल्या बरगड्या, असा क्रम. भोके पाडावयास दोरीने फिरणारा सामता, तासावयास वाकस. फटींत तेलात भिजविलेला कापूस ठोकीत आणि पाण्याखाली राहणाऱ्या भागास चुना आणि चरबी यांचा लेप देत. ज्या किनाऱ्यावर माल उतरे, त्याच किनाऱ्यावर नवे गलबत आकार घेई.

मग व्यापार गेला. तो एका दिवसात गेला नाही. १८६२ पासून इराणी आखातात आगबोटींची नियमित फेरी सुरू झाली, १८६९ साली सुएझचा कालवा उघडला. १९६४ साली झांजिबारला क्रांती झाली आणि तेथील अरबांची सत्ता संपली. १९७० नंतर ओमानात पक्के रस्ते झाले आणि माल ट्रकने जाऊ लागला. सूरच्या मोठ्या गलबतांस काम उरले नाही. काही विकली गेली, काही किनाऱ्यावर कुजली.

काम मात्र संपले नाही. १९८० साली टिम सेव्हरिन या ब्रिटिश प्रवाशास जुन्या पद्धतीचे, लोखंडी खिळा न मारता काथ्याने शिवलेले गलबत हवे होते. ते त्याने सूरच्या किनाऱ्यावर बांधवून घेतले. ‘सोहार’ हे त्याचे नाव. मलबारचे लाकूड, लक्षद्वीपचे कारागीर आणि शेकडो मैल लांबीची काथ्याची दोरी त्यास लागली. नोव्हेंबर १९८० मध्ये ते मस्कतहून निघाले आणि जुलै १९८१ मध्ये चीनमधील कँटनला पोचले. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर ज्या गलबतातून फुटून आले असे आपण परंपरेने सांगतो, त्या काळी या समुद्रावर अशीच शिवलेली गलबते चालत. आम्हांस तरी ‘सोहार’चे चित्र पाहताना त्या सात जोडप्यांची आठवण झाली.

दुसरी गोष्ट ‘फतह अल् खैर’ या गलबताची. १९५१ साली सूरलाच बांधलेले हे घंजा जातीचे गलबत. घंजा म्हणजे आपल्या कच्छी कोटियाचे भावंड. तेही परक्या हाती जाऊन येमेनमध्ये पडले होते. सूरच्या लोकांनी वर्गणी काढून १९९३ साली ते परत आणले आणि खाडीच्या काठी उभे केले.

भाचा कामावरून सुटल्यावर संध्याकाळी त्याच गोदीत जाऊन बसे. तेथील एका मलबारी मिस्त्रीने त्यास वाकस धरावयास शिकविले. त्या वेळी त्याने आम्हांस लिहिले होते, “मामा, येथला व्यापार गेला, पण कामाची जागा कोणी विकली नाही. म्हणून काम राहिले.” आम्ही त्यास उलट लिहिले की, बाबा रे, आज त्या जागेवर हात बहुतेक आपल्या हिंदुस्थानातले आहेत, सूरकरांची मुले कचेऱ्यांत गेली. त्यावर त्याचे उत्तर असे, “हात कोठूनही येतात. जागा नसती तर ते आले कशाला असते?” याला आमच्याजवळ जबाब नव्हता.

आता आमच्या दुकानाकडे वळू. जांभ्याच्या भिंती, वर कौले, रस्त्याकडे नऊ फळ्यांचे दार. फळ्या रोज सकाळी काढून ठेवावयाच्या आणि रात्री क्रमाने बसवावयाच्या. त्यांवरचे आकडे वडिलांच्या हातचे आहेत. पुढे दुकान आणि मागे एक अंधारी मोठी खोली. १९३७ साली डालडाचे डबे बाजारात आले, त्याआधीच गिरणीचे तेल आले होते. घाण्याचे तेल महाग पडू लागले. १९४८ नंतर आप्तांपैकी बरेच जण इस्राएलास गेले. पुढचा गाळा भाड्याने गेला, कधी किराणा, कधी झेरॉक्स. मागल्या खोलीस आम्ही लहानपणापासून गोदाम म्हणत आलो.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले आणि मागल्या खोलीवरची निम्मी कौले उडाली. सूरला २००७ च्या जूनमध्येच गोनू वादळाने असाच तडाखा दिला होता. भाचा सुटीवर आला असता त्याने आणि आम्ही मिळून ती खोली रिकामी केली. मोडके पलंग, गोणपाट, पत्र्याचे डबे बाहेर निघाले आणि खाली जमीन दिसली. मधोमध घाण्याचे दगडी बूड पुरलेले होते. त्याभोवती बैलाच्या पावलांनी गोल पट्टा दबून गेला होता आणि तेल मुरून माती काळी झाली होती. भिंतीत बैलाच्या दाव्याची कडी होती.

आम्ही ज्याला गोदाम म्हणत होतो तो कारखाना होता. पुढचे दुकान त्या कारखान्याच्या जिवावर उभे होते. शनिवारी हा घाणा थांबे म्हणून आपणांस शनवार तेली हे नाव पडले. ते नाव पुढल्या गाळ्यात मिळाले नाही, मागल्या खोलीत मिळाले. तेव्हा भाचा जे मागत होता ते काही नवे नव्हते. खोली जशी होती तशीच करावयाची होती.

वाटेकऱ्यांची समजूत घालणे सोपे नव्हते, आणि त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. आमच्या एका बहिणीस पैशाची खरीच गरज होती. शेवटी असे ठरले की पुढचा गाळा भाड्यानेच ठेवावा, भाडे चौघांत वाटावे, मागल्या खोलीचे भाडे भाच्याने द्यावे आणि त्या बहिणीचा हिस्सा त्याने आपल्या परदेशच्या कमाईतून विकत घ्यावा. हे सर्व रीतसर लेखी केले. नातेवाइकांत तोंडी व्यवहार ठेवला की पुढल्या पिढीत कोर्टाची पायरी चढावी लागते.

कामाला चार महिने लागले. अशी जागा कोणास करावयाची असेल तर आमच्या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून थोडे लिहितो. तेल मुरलेली माती आणि लाकडाचा भुसा एकत्र आले तर आगीचे भय. म्हणून वरची चार बोटे माती खरवडून काढली, मुरूम भरला आणि शहाबादी फरशी बसविली. घाण्याचे बूड मात्र हलविले नाही. कामाचे टेबल त्यालाच जखडून उभे केले आहे. कितीही जोराने रंधा मारला तरी ते तसूभर सरकत नाही. वाळवी लागलेले दोन वासे बदलले. उत्तरेच्या उतारावर काचेची चार कौले घातली, त्यामुळे दिवसा दिवा लागत नाही. विजेचा मीटर पुढल्या गाळ्याहून वेगळा घेतला. पुढची आणि मागची खोली यांमधली भिंत पाडण्याचा मोह झाला होता, पण छपराचा भार तिच्यावर आहे, तेव्हा तिला हात लावला नाही.

एक चूक आमच्याकडून झाली. जांभ्याच्या भिंतीस आम्ही हौसेने सिमेंटचा गिलावा करविला. पहिल्याच पावसाळ्यात ओल आत कोंडली आणि गिलावा पोपडे धरून खाली आला. वडील असते तर हसले असते. मग जुन्या रीतीने चुन्याचा गिलावा केला, तो टिकून आहे.

आज त्या खोलीत भाचा पाट, स्टुले, खिडक्यांच्या चौकटी करतो. सिनेगॉगमधील एका बाकाचा पाय किती वर्षे विटेवर टेकलेला होता, तो त्याने सागाचा बसवून दिला. सूरहून आणलेला वाकस भिंतीवर बैलाच्या कडीशेजारी टांगलेला आहे. गावातील दोन मुले संध्याकाळी येऊन बसतात. त्यांतला एक कोळ्याचा आहे आणि त्याचा हात आमच्या भाच्याहून बरा पडतो.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची अशी घरे कोकणात आहेत. कोणी ती विकतील, आणि त्यांस दोष देता येणार नाही. आमची विनंती इतकीच की विकण्यापूर्वी एकदा मागली खोली रिकामी करून जमीन पाहावी, तिची मापे घ्यावी, दोन छायाचित्रे काढावी, आणि घाण्याविषयी घरातील वृद्धांस जे आठवत असेल ते लिहून ठेवावे. सूरकरांनी आपले गलबत परदेशातून शोधून आणले. आपला घाणा तर घरातच होता.

परवा शनिवारी आम्ही तेथे गेलो तेव्हा मागले दार बंद होते. शेजारच्या पानवाल्यास विचारले, तर तो म्हणाला, “आज शनिवार नाही का? तेल्याचे दुकान आज कसे उघडे असेल?”