साठवण आणि साठेबाजी



तेल महागणार आहे, साखर मिळणार नाही, अमुक देशात युद्ध पेटले म्हणून आजच भरून ठेवा, असे निरोप मोबाईलवर फिरू लागले की आपल्या बायकांच्या बोलण्यात पहिला प्रश्न असतो, "किती घेऊन ठेवायचं गं?" हा प्रश्न आजचा नाही. आपल्या आईने तो विचारला होता, आजीनेही विचारला होता. शिवाय आपल्यापैकी कितीतरी जणी धान्याच्या किंवा किराण्याच्या दुकानदारांच्या मुली आहेत, सुना आहेत. त्यामुळे गल्ल्याच्या अलीकडून आणि पलीकडून, दोन्ही बाजूंनी हा प्रश्न आपल्याला लागू होतो. आज त्याचाच थोडा इतिहास लिहिते आहे.

सुरुवात आपल्या भंडाऱ्यापासून करू. वैनगंगेच्या आणि जुन्या मालगुजारी तलावांच्या पाण्यावर पिकणारा हा धानाचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे धान घरात यायचे. वर्षाचे धान कणगीत किंवा कोठीत पडायचे आणि लागेल तसे भरडून आणले जायचे. गहू आणि तूर चैत्र-वैशाखात घेऊन, उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून भरली जायची. तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात लागायचा. तिखट, हळद, चिंच हीदेखील वर्षाचीच. ही आपली साठवण.

मी बी.कॉम. करताना मागणी-पुरवठा शिकले, तेव्हा आईच्या या पद्धतीतला हिशेब लक्षात आला. माल बाजारात भरपूर येतो तेव्हा भाव पडलेला असतो आणि शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवे असते. त्या वेळी घरोघर वर्षाचे धान्य उचलले गेले की त्याला भाव मिळतो. पुढे आषाढ-श्रावणात आवक आटते आणि भाव चढतात, तेव्हा हीच घरे बाजारात नसतात. म्हणून ज्यांना रोज विकत घेऊन खावे लागते त्यांच्यावरचा ताण थोडा कमी होतो. म्हणजे हंगामातली साठवण बाजाराला आधारच देते. घबराटीची खरेदी याच्या अगदी उलट असते. भाव चढलेले असताना, माल कमी असताना सगळ्यांनी मिळून बाजारावर धाव घ्यायची.

आपल्या घरात साठवणीला आणखी एक लगाम होता, तो धर्माचा. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5 दिवस आणि पावसाळ्यात 3 दिवस मानतात. श्वेतांबर भगिनींकडे दिवसांची गणना वेगळी आहे, पण काळमर्यादा ही कल्पना तीच. त्यानंतर त्या पिठात जीवोत्पत्ती होते म्हणून ते वापरायचे नाही. धान्यही शोधून, निवडून घ्यायचे. गरजेपेक्षा जास्त भरले की पोरकिडे, टोके पडणार आणि त्यांची हिंसा आपल्या माथी येणार. म्हणून आपल्या आज्या पोतेभर धान्य ठेवत, पण पीठ डबाभरच ठेवत. किती ठेवायचे याचे उत्तर जीवदयेनेच देऊन ठेवले होते.

साठवणीची साठेबाजी होते तेव्हा काय घडते, ते देशाने 1943 साली पाहिले. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. युद्धाच्या खर्चाने हातात पैसा खेळत होता, भाव चढत होते, आणि चढणार म्हणून ज्याला शक्य तो माल दाबून ठेवत होता. बंगालच्या दुष्काळात सुमारे 30 लाख माणसे गेली असे मानले जाते. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी 1981 साली आपल्या पुस्तकात दाखवले की 1943 मध्ये बंगालात धान्य 1941 पेक्षा कमी नव्हते, आणि 1941 साली तर दुष्काळ नव्हता. धान्य होते, पण मजुराच्या ऐपतीपलीकडे गेले होते. भूक ही केवळ पिकावर नाही, भावावरही अवलंबून असते, हे त्यातून शिकायचे.

याच काळात शहरांतून रेशन आले. मुंबईत ते 1943 मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर गांधीजींच्या आग्रहावरून डिसेंबर 1947 मध्ये नियंत्रणे उठवली, भाव भडकले आणि 1948 मध्ये ती पुन्हा लावावी लागली. पुढे 1952 ते 1954 या काळात रफी अहमद किडवाई अन्नमंत्री होते. त्यांनी एकेक करून नियंत्रणे सैल केली. लोकांना वाटले, पुन्हा भडका उडणार. पण पीकपाणीही बरे झाले, टंचाईची भीती गेली आणि दाबून ठेवलेला माल बाहेर आला. टंचाईतला किती भाग धान्याचा असतो आणि किती भीतीचा, हे तेव्हा दिसले.

1955 साली जीवनावश्यक वस्तूंचा कायदा झाला. साठेबाजीवरची कारवाई आजही त्याच कायद्याखाली होते. 1965 साली युद्ध आणि अवर्षण एकदम आले, तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. अष्टमी-चतुर्दशीला उपवास, एकाशन करणाऱ्या आपल्या घरांना ते अवघड नव्हते. आपण कर्मनिर्जरेसाठी अन्न सोडतो, तेच सोडलेले अन्न दुसऱ्याच्या ताटात पडू शकते, ही दृष्टी मात्र त्या आवाहनाने दिली. अमेरिकेतून येणारा पी.एल. 480 चा गहू आणि लाल मिलो ज्वारी ही त्या काळची आठवण. ती लाल भाकरी खाल्लेल्या बायका आपल्यात अजून आहेत.

त्यानंतर 1972 चा दुष्काळ. त्याचा खरा तडाखा मराठवाड्याला आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या अवर्षणी तालुक्यांना बसला. खडी फोडण्याची कामे निघाली, सुकडी वाटली गेली. आपल्याकडे तलावांची थोडी साथ होती, पण भाव काही जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाहीत. 1973 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. गहू बाजारातून गडप झाला आणि वर्षभरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. 1973 च्या ऑक्टोबरनंतर खनिज तेल महागले. 1974-75 मध्ये घाऊक भाव सरासरी 25 टक्क्यांच्या आसपास वाढले. साखर, रॉकेल, डालडा, गोडेतेल, रवा, सगळ्यालाच रांग.

तेव्हा महाराष्ट्रातल्या गृहिणी रस्त्यावर आल्या. 1972 मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया त्यात एकत्र होत्या. हातात लाटणी घेऊन हजारो बायकांचे मोर्चे निघाले, थाळ्या वाजवल्या गेल्या, मंत्र्यांना घेराव पडले. मागणी साधी होती. रेशनवर पुरेसे धान्य, साखर, तेल, रॉकेल द्या आणि साठे बाहेर काढा. ज्यांनी कधी सभेत तोंड उघडले नव्हते त्या बायका स्वयंपाकघरातल्या हिशेबावर बोलू लागल्या. पुढे आणीबाणी आली आणि यातल्या कित्येक नेत्या तुरुंगात गेल्या. 1977 च्या निवडणुकीत मृणालताई आणि अहिल्याताई लोकसभेत निवडून आल्या.

हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, पण त्यातली आपली जागा जरा अवघड आहे. मुंबईच्या धान्यबाजारात कच्छी, गुजराती, मारवाडी व्यापारी मोठ्या संख्येने होते आणि त्यांत जैनही होते. लाटणी ज्या दुकानांच्या आणि गोदामांच्या दिशेने उगारली गेली, त्यांत आपलीही दुकाने होती. माझ्या माहेरी किराण्याचे दुकान होते. आणीबाणीत दुकानाबाहेर भाव आणि शिल्लक साठा लिहिलेला फळा लावावा लागे. आईचा नियम असा की आपल्या घरची साखर रेशन कार्डावर मिळेल तेवढीच. दुकानातले घमेले स्वयंपाकघरात येता कामा नये. वडील म्हणायचे, "आपलंच दुकान आहे, कोण विचारतं?" आई म्हणायची, "कोणी विचारत नाही, म्हणूनच." त्या वर्षी पर्युषणाच्या पारण्यालाही घरात गोड झाले ते गुळाचे.

आईने शास्त्र वाचले नव्हते, पण शास्त्रात हे आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह परिमाण व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. टीकाकारांनी अतिसंग्रहाचा अर्थ अगदी बाजारातला दिला आहे. पुढे हे धान्य जास्त नफा देईल या लोभाने ते अतोनात भरून ठेवणे, म्हणजे अतिसंग्रह. विस्मय म्हणजे आपण विकल्यावर दुसऱ्याला जास्त भाव मिळाला म्हणून मनाला चटका लावून घेणे. व्यापाऱ्याचे मन ओळखून लिहिलेले हे वर्णन आहे. व्रत व्यापाराला नाही म्हणत नाही, साठवणीलाही नाही म्हणत नाही. माप ठरवा आणि ते मोडू नका, एवढेच सांगते.

आणि साठवण पुण्याची कशी होते, तेही आपल्याच इतिहासात आहे. तेराव्या शतकात कच्छमधल्या भद्रेश्वरचे जगडूशहा हे जैन श्रेष्ठी होऊन गेले. विक्रम संवत 1313 ते 1315 असा तीन वर्षांचा दुष्काळ पडला. सर्वानंदसूरींच्या जगडूचरितात सांगितले आहे की त्यांनी आधीच धान्य भरून ठेवले होते आणि ते गोरगरिबांसाठी म्हणून राखले होते. दुष्काळ पडताच कोठारे उघडली. आपल्या महाराष्ट्रात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घरोघर माहीत आहे. त्यांनी तर बादशहाचे कोठार उघडले. धान्य दोघांच्याही हाताशी होते. लोक त्यांची नावे अजून घेतात, ती त्यांनी टंचाईत कोठार उघडले म्हणून.

आता आपल्या काळाकडे येते. 1998 साली कांदा 40-50 रुपये किलोपर्यंत गेला आणि दिल्ली, राजस्थानची सरकारे पडण्यात त्याचा हात होता. आपण कांद्याच्या बाबतीत निर्धास्त, पण तुरीच्या डाळीपासून कुणाची सुटका? ऑक्टोबर 2015 मध्ये तूरडाळ 200 रुपये किलोपर्यंत गेली. छापे पडले, महाराष्ट्रातल्या गोदामांतून हजारो टन डाळ निघाली. पुढच्याच हंगामात शेतकऱ्यांनी भरपूर तूर पेरली आणि 2017 मध्ये 5,050 रुपये हमीभावाची तूर बाजारात त्याच्याही बरीच खाली विकली गेली. खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून रांगा लागल्या. आदल्या वर्षी गिऱ्हाईक रडले, पुढच्या वर्षी शेतकरी.

नोव्हेंबर 2016 मध्ये, नोटाबंदीला तीनच दिवस झाले होते, तेव्हा मीठ संपल्याची अफवा उठली. उत्तर भारतातून ती मुंबईपर्यंत आली आणि काही ठिकाणी मीठ 200 रुपयांच्याही वर विकले गेले. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशात! पाच माणसांच्या घरात महिन्याला मीठ लागते दीड-दोन किलो, आणि माणसे दहा-दहा किलो उचलत होती. 24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदीची घोषणा झाली, तेव्हाही भाषण संपायच्या आत किराणा दुकानांपुढे गर्दी झाली.

गर्दीचे गणित साधे आहे. समजा, एका दुकानाला 200 घरे जोडलेली आहेत आणि प्रत्येक घराला महिन्याला 10 किलो तांदूळ लागतो. म्हणजे महिन्याची विक्री 2,000 किलो. दुकानदार पंधरा दिवसांचा माल, म्हणजे 1,000 किलो ठेवतो. एका संध्याकाळी प्रत्येक घराने फक्त एका महिन्याचा तांदूळ उचलायचे ठरवले, तर पहिली 100 घरे सगळा माल नेतात आणि उरलेल्या 100 घरांना दुकान रिकामे दिसते. देशात तांदूळ तेवढाच आहे, कोणी दहा पोती दाबलेली नाहीत, तरी टंचाई झाली. आणि मागे राहणारी 100 घरे कोणाची? ज्यांच्या हातात रोजची मजुरी संध्याकाळी पडते, त्यांची.

20 जुलै 2023 ला सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा हे अमेरिकेतही दिसले. तिथल्या भारतीय दुकानांत रांगा लागल्या, लोकांनी गाडीत पोती भरली, काही दुकानांनी एका घराला एकच पोते असा नियम केला. आपल्या कितीतरी लेकी-सुना तिकडे आहेत. इथे धानाच्या जिल्ह्यात आपण निवांत आणि तिकडे मुली तांदळासाठी रांगेत. ती बंदी सप्टेंबर 2024 मध्ये उठली. तोवर कोणाचेही घर तांदळावाचून राहिले नाही. घाईने भरलेल्या पोत्यांत मात्र कीड पडली असेल.

तर मैत्रिणींनो, "किती घेऊन ठेवायचं?" याचे माझे उत्तर सांगते. हंगामात, भाव उतरलेला असताना, वर्षाचे धान्य अवश्य घ्या, वाळवून शोधून ठेवा. पण बाजारात घबराट असेल त्या आठवड्यात नेहमीपेक्षा एक किलोही जास्त घेऊ नका. घरात असेल त्यावर भागवा, एखादा पदार्थ सोडा. रससत्याग करायला आपल्याला कोणी शिकवायला नको. घरात दुकान असेल तर त्या आठवड्यात भाव वाढवू नका असे घरच्या माणसांना सांगा, आणि रोजची मजुरी करणाऱ्या गिऱ्हाईकाचे दोन किलो बाजूला काढून ठेवायला लावा. गल्ल्यावर आपण बसत नसू, पण घरात आपला शब्द चालतो.

चातुर्मासात आपण परिमाण घेतो, इतक्या साड्या, इतके पदार्थ. यंदा कोठीचेही परिमाण घ्यावे, असे मी ठरवले आहे. तुमच्या घरची मर्यादा काय आहे, सासूबाईंनी काय घालून दिली होती, ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.